कृष्णकमळाची वेल

उपवासकाळातील एका शुक्रवारी सायंकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही सौसर येथील एका वृद्ध शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो होतो. चहा झाला, प्रकृतीची विचारपूस झाली आणि आम्ही निघण्याच्या बेतात होतो, तोच बाईंनी आम्हांस परसदारी नेले. तेथे कुंपणाच्या तारेवर कृष्णकमळाची एक जुनी वेल चढलेली होती. बुंधा अंगठ्याहून जाड, साल भेगाळलेली. वरची पाने पिवळी पडलेली आणि डावीकडचा एक फाटा तर टोकापासून वाळत आलेला.

"फादर, मास्तरांनी लावलेली आहे," बाई म्हणाल्या. "यंदा हिचं काही खरं दिसत नाही. तुम्ही शिकलेले आहात. काहीतरी करा."

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. नऊ वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले त्या पावसाळ्यात त्यांनी ही वेल लावली, आणि त्यांना प्रभूच्या घरी जाऊन आता तीन वर्षे होऊन गेली. मुले दूरच्या शहरांत नोकरीला आहेत. घरात बाई एकट्या.

सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, द्राक्षवेलीच्या दाखल्यावर प्रवचन करावयासही शिकलो. परंतु वेलीच्या मुळाशी पाणी किती घालावे हे आम्हांस तेथे कोणी शिकविले नाही. तथापि 'तुम्ही शिकलेले आहात' या शब्दांनी माणूस फुगतो. आम्हीही फुगलो. पाने पिवळी, वर फाल्गुनाचे ऊन, तेव्हा वेल तहानेलीच असली पाहिजे, असा आम्ही निर्णय दिला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या पाणी घालावे, बुंध्याशी दोन टोपल्या शेणखताचा ढीग लावावा, आणि देठांवरून मुंग्यांची रांग चालली आहे तिच्यावर मुंग्यांची पावडर टाकावी, अशी तीन औषधे आम्ही लिहून दिल्यासारखी सांगितली. बाईंनी ती तंतोतंत अमलात आणली. आजन्म शिक्षिका असलेल्या बाई त्या. सांगितलेला पाठ चुकवणाऱ्यांतल्या नव्हेत.

या तीन औषधांचे काय झाले ते पुढे येईलच. तत्पूर्वी ज्या वाचकांनी हे फूल जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण त्या वेलीचे बाईंना एवढे मोल का, हे फूल पाहिल्याशिवाय उमगणार नाही.

कृष्णकमळ हे कमळ नव्हे. कमळाशी त्याचे नातेही नाही. आपल्याकडे या एका नावाखाली एकाहून अधिक जाती लावल्या जातात. सौसरची वेल फिकट जांभळ्या, मंद सुवासाच्या फुलांची आणि तीन बोटांच्या पानांची आहे. फुलाला बाहेरून दहा पाकळ्या दिसतात. त्यांपैकी पाच खऱ्या पाकळ्या आणि पाच त्यांच्या पाठीमागची दले, पण रूप इतके सारखे की भेद कळू नये. त्यांवर जांभळ्या-पांढऱ्या नागमोडी तंतूंचे एक दाट वर्तुळ. वर्तुळाच्या मधोमध एक लहानसा दांडा. त्यावर खाली तोंड केलेले पाच परागकोश, त्यांच्यावर हिरवा गोल बीजकोश, आणि सर्वांत वर तीन बाजूंस पसरलेल्या, टोकाला टाचणीच्या डोक्याप्रमाणे फुगीर अशा तीन कुक्षी. हे सर्व एका दिवसाचे. दिवस चढता चढता फूल उमलते आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो मिटून गेलेले असते.

आमच्या बाईंच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांनी आपल्या नातवंडांना या फुलावर महाभारत शिकविले आहे. भोवतालचे तंतू हे शंभर कौरव, पाच परागकोश हे पांडव, वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा, विष्णू आणि महेश, आणि मधला गोल तो श्रीकृष्ण. मराठी मुलुखात घरोघरी हेच सांगतात आणि नावही त्यावरूनच पडले आहे. मास्तर मात्र रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच फूल हाती घेऊन दुसरी कथा सांगत. तंतूंचे वर्तुळ हा काट्यांचा मुकुट, पाच परागकोश या प्रभूच्या पाच जखमा, तीन कुक्षी हे तीन खिळे, वेलीचे गुंडाळलेले तणावे हे आसूड, आणि दहा पाकळ्या हे दहा प्रेषित. बारांतून दोघे वगळले: धरून देणारा यूदास आणि नाकारणारा पेत्र. पेत्राला वगळणे आम्हांस नेहमीच थोडे अन्यायाचे वाटत आले आहे. त्याने नाकारले खरे, पण नंतर तो रडलाही. आणि इतर सारे पळून गेलेच होते की! परंतु फुलाला बारा पाकळ्या नाहीत त्याला कोण काय करणार?

ही दुसरी कथा मास्तरांची स्वतःची नव्हे. वेल मूळची अमेरिका खंडातील. तिकडे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांच्या नजरेस ती सोळाव्या शतकात पडली. १६१० साली रोम येथे जाकोमो बोझियो यांचा पवित्र क्रुसाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेक्सिकोहून आलेल्या एका अगस्तीनियन संघीयाने त्यांना या फुलाची चित्रे दाखविली तेव्हा असे फूल असू शकेल यावर बोझियो यांचा प्रथम विश्वासच बसेना. इतरांची साक्ष मिळाल्यावरच त्यांनी त्याचे वर्णन ग्रंथात घातले. इकडे गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून झाले. म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत उतरत होती त्याच सुमारास ती रोममध्ये एका फुलात वाचली जात होती. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनीअसने या कुळाला पॅसिफ्लोरा, म्हणजे दुःखसहनाचे फूल, हे शास्त्रीय नाव कायम केले. सरबताच्या बाटलीवर 'पॅशन फ्रूट' असे छापलेले पाहून पुष्कळांना त्या नावात काही शृंगार असावा असे वाटते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र सोसणे एवढाच आहे.

आम्ही एकदा कुतूहलाने त्या तंतूंची मोजदाद करावयास बसलो होतो. ऐंशीच्या पुढे मोजणी चुकली आणि पुन्हा आरंभ करण्याचे धैर्य झाले नाही. काकूंनी विचारले, "किती भरले जी, फादर?" आम्ही म्हणालो, "कौरव पुरते शंभर भरतील असे वाटत नाही, काकू." त्यावर त्या म्हणाल्या, "काही लढाईत मेले असतील."

असो. आता औषधांचा परिणाम सांगतो.

पहिले पंधरा दिवस वेल टवटवीत झाली. नवी कोवळी पाने फुटली, आणि आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात बाईंचा निरोप आला की उजवीकडचा मोठा फाटा एका दिवसात माना टाकून बसला आहे आणि पानांवर काळपट तांबूस, काटेरी अळ्यांची फौज उतरली आहे. जाऊन पाहतो तो जी नवी पाने फुटली होती त्यांच्या शिरा तेवढ्या उरलेल्या. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक शब्द लावला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी पांढुर्णा तालुक्यात संत्र्याची बाग राखून आहे. बाईंनी त्याला बोलावून घेतले. आता संत्री म्हटले की लोक नागपूरचे नाव घेतात, पण नागपुरी संत्र्याचा हा पट्टा राज्याची सीमा ओलांडून सौसर-पांढुर्ण्यापर्यंत पसरलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी आणि अंगणात मराठी, असा येथला व्यवहार आहे. जमीन बहुतेक काळी, कापसाची.

त्या बागाईतदाराने वेलीकडे पाहिले नाही. तो प्रथम मातीकडे गेला. शेणखताचा ढीग हाताने बाजूला केला, दोन पेरे बोट मातीत घातले, माती नाकाशी धरली आणि आमच्यापुढे केली. तिला कुबट वास येत होता. बुंध्याची साल जमिनीलगत काळी पडून मऊ झालेली होती.

"तहानेनं नाई जी, फादर," तो म्हणाला. "हे पाण्यानं मेली. आमच्या संत्र्याले बी असंच होते."

त्याने जे समजावून सांगितले ते आम्ही येथे आमच्या शब्दांत देतो, कारण ज्यांच्या दारी काळ्या मातीत कोणतीही बहुवर्षायू वेल आहे त्या सर्वांना ते उपयोगी पडेल. काळी माती ओली झाली म्हणजे फुगते, तिच्यातील हवेच्या वाटा बुजतात, आणि पाणी दिवसेंदिवस धरून राहते. मुळांनाही श्वास लागतो. तो न मिळाला म्हणजे ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी वर पोहोचवू शकत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात आणि माना टाकतात, हुबेहूब तहानेल्या झाडाप्रमाणे. अडाणी माणूस ते पाहून आणखी पाणी घालतो. (अडाणी हा शब्द त्याचा नव्हे, आमचा आहे.) म्हणून पाने पाहून पाणी देऊ नये, बोट दोन पेरे मातीत घालावे, आणि तेथे कोरडे लागले तरच द्यावे. भर वैशाखात, पारा चाळीस अंशांवर गेलेला असतानाही, काळ्या जमिनीतील जुन्या वेलीला रोज पाणी लागत नाही. सावकाश आणि खोलवर मुरेल असे, तीन-चार दिवसांच्या अंतराने दिलेले पाणी पुरते. कुंडीतल्या वेलीची गोष्ट वेगळी, तिला उन्हाळ्यात रोज लागेल.

दुसरे असे की पाणी बुंध्याला लागता कामा नये. संत्र्याच्या झाडाला डिंक्या रोग लागतो, बुंध्यातून डिंक गळतो आणि झाड झुरत जाते. त्यास आळा घालण्यासाठी जाणते बागाईतदार दुहेरी आळे करतात. बुंध्याभोवती मातीचे एक लहान वर्तुळ उंच बांधावयाचे, त्यात पाणी जाऊ द्यावयाचे नाही. त्याच्या बाहेर दुसरे मोठे वर्तुळ, आणि या दोहोंच्या मधल्या खाचेत पाणी सोडावयाचे. पाणी पिणारी बारीक मुळे तेथवर पसरलेली असतातच. शेणखत द्यावयाचे तेही याच खाचेत, चांगले कुजलेले आणि थोडे. ताज्या खताचा ढीग बुंध्याशी लावणे म्हणजे सालीला कुजण्याचे आमंत्रण, आणि खत फार झाले तर वेल नुसती पानेच फेकते, कळी धरत नाही. त्याने तेथेच फावडे मागून वेलीला दुहेरी आळे करून दिले आणि मुळांवर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घातले.

संत्र्याला बहार यावा म्हणून हे लोक मुद्दाम काही आठवडे पाणी तोडतात. याला ते ताण देणे म्हणतात. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात, मृग बहारासाठी उन्हाळ्यात. ताण बसला की झाडाची वाढ थांबते आणि पुढे पाणी मिळताच ते फुलावर येते. आम्ही उत्साहाने विचारले, मग या वेलीलाही ताण द्यावा काय? तो हसून म्हणाला, "आता हिले काहीच नोका देऊ जी." आम्ही गप्प बसलो.

मुंग्यांची चूक त्याने काढली नाही, ती आम्ही पुढे वाचून शोधली. कृष्णकमळाच्या पानाच्या देठावर, पात्याजवळ, दोन बारीक गाठी असतात. त्यांतून गोड रस पाझरतो. वेल हा रस मुंग्यांसाठी ठेवते आणि मुंग्या त्याच्या मोबदल्यात पानांवरील अंडी आणि लहान अळ्या उचलून नेतात. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले एक मंदगती फुलपाखरू आपल्याकडे सर्वत्र दिसते. ते याच वेलीवर पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालते. आम्ही पावडर टाकून पहारेकरी मारले आणि नंतर चोर शिरले म्हणून हळहळलो. आता अळ्या दिसल्या तर चिमट्याने वेचून काढाव्यात, बहुधा एवढ्याने भागते. थोड्या राहिल्या तर राहू द्याव्यात, फुलपाखरेही देवाचीच आहेत. विषारी फवारा मारू नये. या फुलाचे परागण मोठा काळा भुंगा करतो, आणि फवाऱ्याने तोही जातो. परागकोशांची तोंडे खाली का, याचे उत्तर त्या भुंग्यापाशी आहे: तो तंतूंवरून मध शोधीत फिरतो तेव्हा पराग त्याच्या पाठीवर पडतात. फूल उमलते तेव्हा तिन्ही कुक्षी वर असतात, नंतर हळूहळू वाकून भुंग्याच्या पाठीच्या उंचीवर येतात आणि दुसऱ्या फुलावरून आणलेले पराग टिपून घेतात. दुपारी अर्धा तास फुलाशेजारी बसले तर हे वाकणे डोळ्यांनी लक्षात येते.

तणाव्यांविषयीही दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. चार्ल्स डार्विन यांनी चढणाऱ्या वेलींवर एक ग्रंथ लिहिला आहे. १८७५ साली तो पुस्तकरूपाने निघाला. त्यात याच कुळातील एका नाजूक वेलीचा तणावा स्पर्शानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत वाकू लागतो असे त्यांनी नोंदविले आहे. तणाव्याने आधार पकडला की तो मळसूत्रासारखा गुंडाळतो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने. त्यामुळे तो स्प्रिंगसारखा ताणतो आणि वादळात तुटत नाही. परंतु त्याला पकडावयास बारीक वस्तू लागते. सपाट भिंतीवर किंवा जाड खांबावर त्याला काही करता येत नाही. म्हणून तार, सुतळी किंवा बांबूच्या कामट्या द्याव्यात. जागा निदान अर्धा दिवस ऊन येईल अशी असावी. आमच्या बाजूला माघ-फाल्गुनात गारा पडतात, म्हणून हलकी छाटणी थंडी आणि गारा सरल्यावर करावी. फुले नव्या फुटीवरच येतात, तेव्हा छाटणीची भीती बाळगू नये. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे असे झाले तर ती लोहाची उणीव होय. संत्रावाले त्यासाठी हिराकशीचे फिकट पाणी फवारतात. मात्र या वेलीच्या पानांचा काढा करून कोणी पिऊ नये. औषधी म्हणून तिची ख्याती आहे खरी, पण सर्व जाती सारख्या नसतात, काहींच्या हिरव्या भागांत विषारी द्रव्य असते, आणि गर्भवती भगिनींनी तर त्या वाटेस जाऊच नये.

आता मुख्य गोष्ट. आळे झाले, पाणी तुटले, डावा-उजवा दोन्ही फाटे गेले आणि मधला एक तेवढा जिवंत राहिला. बागाईतदार बाईंना म्हणाला, "बाई, हिचं वय झालं. पावसाळ्यात चार काड्या कापून लावून घ्या." हे त्याने खरेच सांगितले. कृष्णकमळ बहुवर्षायू असले तरी वडा-पिंपळाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे नव्हे. साधारणतः पाच-सात, फार तर दहा वर्षांत त्याचा जोर सरतो. म्हणून जाणते लोक तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच छाट कलमे करून ठेवतात. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून अशी फांदी, तीन डोळ्यांची. खालची पाने काढून रेतीमिश्रित मातीत सावलीला लावावी. पावसाळी हवेत तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

बाई म्हणाल्या, "नाही. तिला सुरी लावायची नाही."

आम्ही समजूत घालावयास गेलो. आम्ही छाटणीचा दाखला काढला, योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला. बाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फादर, तो अध्याय मास्तर मला पाठ म्हणून दाखवीत. एकच फाटा उरलाय. तो कापला आणि काड्याही लागल्या नाहीत, तर?" या 'तर'ला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आधीच्या उत्तरांचे काय झाले ते त्यांनी पाहिलेच होते.

तेव्हा तो बागाईतदार, जो इतका वेळ पायांवरची माती झाडीत उभा होता, हळूच म्हणाला, "मास्तरांनी मले एक काडी दिली होती जी. पाच वर्षं झाली. आमच्या विहिरीच्या मांडवावर आहे. लय फुलते."

बाईंना हे ठाऊक नव्हते. मास्तर सांगावयाचे राहून गेले असावेत, किंवा अशा देण्याघेण्याचा उल्लेख करण्याची त्यांची रीत नसावी.

मग ठरले असे. विहिरीवरच्या वेलीचे त्याने आषाढात दाब कलम केले: एक लांब फांदी वाकवून तिच्या पेराखाली साल किंचित खरडून ते पेर मातीच्या डब्यात पुरले, वर एक वीट ठेवली, आणि फांदी मूळ वेलीला तशीच जोडलेली राहू दिली. या रीतीत आईपासून तोडण्याआधीच मुळे धरतात, म्हणून भीती कमी. पोळा झाला की या, असे तो म्हणाला. आम्ही पंचांग न पाहता पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी निघालो. पांढुर्ण्याचे लोक आता हसत असतील. त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळविण्यासाठी एका काठाने पांढुर्णा व दुसऱ्या काठाने सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. हीच ती गोटमार. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी माणसे मेलीही आहेत; बंदोबस्त असतो, बंदीचे आदेश निघतात, आणि दगड तरीही चालतात. दोन्ही काठांची एकमेकांत सोयरीक आहे हे विशेष. आम्हांस ही रूढी कधी गोड वाटली नाही, आणि त्या दिवशी गावाच्या अलीकडूनच परत फिरावे लागल्याने तर अजिबात वाटली नाही. पुन्हा आठवड्याने गेलो.

डबा घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. वाहकाने विचारले, "याचं तिकीट घ्याचं काय जी, फादर?" आणि डब्यावर आपली पिशवी टेकवून ठेवली, म्हणजे वळणावर तो सांडू नये.

लावताना आम्ही दूर उभे राहिलो. जुन्या वेलीच्या जागेची माती कुजकट झाली होती म्हणून तेथून चार हात सोडून, सीताफळाच्या पूर्वेला, सकाळचे ऊन आणि दुपारी थोडी सावली मिळेल अशी जागा बाईंनीच निवडली. जमिनीपेक्षा वीतभर उंच असा उंचवटा, त्यात काळी माती, रेती आणि जुने शेणखत समभाग, भोवती दुहेरी आळे. बाईंनी डब्यातून रोप काढले आणि क्षणभर तसेच हातात धरले. "हिची मुलगीच म्हणायची," त्या जुन्या वेलीकडे पाहून म्हणाल्या.

"मुलगी नाई जी, बाई," बागाईतदार म्हणाला. "बियापासून झाली असती तं मुलगी. हे काडीची काडी आहे. हे तेच आहे."

वनस्पतिशास्त्र याहून वेगळे सांगत नाही. कलमाने केलेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य नसून तेच झाड दुसऱ्या मुळांवर उभे असते. सौसरच्या या वेलीला नऊ वर्षांत कधी फळ का धरले नाही, त्याचेही कारण हेच असावे: अशा वेलीला बहुधा स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि तिच्याच काडीपासून झालेली दुसरी वेल शेजारी लावली तरी ते स्वतःचेच पराग ठरतात. बाईंना फळाची फिकीर नव्हती. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतले, आणि रोप मातीत ठेवले.

जुन्या वेलीच्या राहिलेल्या फाट्यावर त्या भाद्रपदात दोन फुले आली. हिवाळ्यात तोही गेला. बाईंनी तो वाळका बुंधा काढू दिला, याचे आम्हांस थोडे नवल वाटले. नवी वेल मकरसंक्रांतीपर्यंत तारेच्या तिसऱ्या फेऱ्यावर पोहोचली होती. आम्ही पाहावयास गेलो तेव्हा काकूंची धाकटी नात तारेला नाक लावून बसली होती आणि एक कळी कधी उमलणार याची चौकशी करीत होती. देठांवरून मुंग्यांची रांग चालली होती. आमचे लक्ष तिकडे गेलेले पाहून बाईंनी आमच्या आणि वेलीच्या मध्ये येऊन सांगितले, "फादर, चहा आत ठेवलाय."